तुमच्या मीरानं माती खाल्ली

घुशीसाठी पिंजरा लावून चार दिवस झाले तरी घूस सापडेना, म्हणून त्या घरातली म्हातारी वैतागली होती. मी तिच्या सुनेला, बाळंतिणीला बघायला गेले होते. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. म्हातारीनं हाताला धरून मला आतल्या खोलीत नेलं आणि कणगीमागची भिंत दाखवली. पांढऱ्या मातीनं सारवलेली ती भिंत कोपऱ्यात चांगली वीतभर पोखरलेली होती.

"बघा की शिष्टर, घुशीनं घर खायला काढलंय," म्हातारी म्हणाली.

मी वाकून बघितलं. घूस जमिनीलगत उकरते. हा खड्डा जमिनीपासून हातभर वर, मांडी घालून बसलेल्या पोरीच्या तोंडाइतक्या उंचीवर होता, आणि त्याच्या कडेला नखांचे ओरखडे होते. मी वळून म्हातारीच्या थोरल्या नातीकडे बघितलं. चौदा वर्षांची असेल. पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा रोज तीच लावत होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी म्हातारीला एवढंच म्हणाले, "पिंजरा काढून टाका, मी औषध देते." औषध घुशीसाठी नव्हतं.

हे झरीच्या बाजूचं गाव. पुढे तीसेक वर्षं मी परभणी जिल्ह्यातच उपकेंद्रांवर काम केलं आणि निवृत्त झाले. कागदावर आमचं नाव आरोग्य सेविका. गावात सगळे शिष्टर म्हणतात आणि मला तेच बरं वाटतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक तपासणीचं टेबल, लसींची गार पेटी आणि रजिस्टरंच रजिस्टरं. आमच्यासारख्या बायांना कुणी लिहायला सांगितलं की त्या बाळंतपणाच्या गोष्टी लिहितात, ओढ्याला पाणी आलं आणि बैलगाडीत पोर झालं, अशा. माझ्याकडेही आहेत. पण त्या सांगताना मी शूर दिसते, आणि ह्या वेळी तसं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

माती खाणाऱ्या पोरी मी किती बघितल्या ह्याचा हिशेब नाही, कारण त्यासाठी रजिस्टर नव्हतं. ज्याला रजिस्टर नाही ते सरकारदरबारी घडतच नाही. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला वाटतं, रांगतं लेकरू मूठभर माती तोंडात घालतं तसं काहीतरी. तसं नाही. ह्या पोरी मोठ्या असतात, आठवी-नववी-दहावीतल्या. आणि त्या कुठलीही माती खात नाहीत. काळी माती कुणी खात नाही, ती चिकट, दातात बसते. चुलीची भाजलेली माती चालते. गढीची पांढरी माती सगळ्यात लाडकी, तिच्यावर पाणी शिंपडलं की वास सुटतो आणि तोंडाला पाणी येतं. ते जमलं नाही तर पाटीवरची पेन्सिल, तेही नाही तर कच्चे तांदूळ. एका शाळेत तर मी पोरींना पेन्सिल खाऊ नका म्हणून समजावत होते आणि त्यांच्या बाईंचाच हात पदराआड तोंडाकडे गेला. त्यांच्याही डोळ्याची पापणी मी नंतर खाली ओढून बघितली. पांढरीफटक!

सोनपेठच्या बाजारात एक बाई हळद-कुंकवाच्या पुड्यांशेजारी भाजलेल्या मातीचे खडे विकायला ठेवायची. एकदा मी तिच्यापुढं उकिडवी बसले आणि विचारलं, हे कोण घेतं? ती म्हणाली, "पोटुशी बाई येती ती उघड्या तोंडानं मागती. तिला डोहाळे हायत, तिला कोण बोलणार? पोरी येत्यात त्या आधी दोन्ही बाजूला बघत्यात, मंग नुसतं बोट दावत्यात." मी म्हटलं, "तुम्ही खाता का?" ती हसून म्हणाली, "मी इकते, शिष्टर. खाती माझी लेक. तिच्यासाठी देता का काही?" मी पिशवीतून गोळ्या काढून दिल्या. तिनं बदल्यात मला हळदीची पुडी दिली. माती देऊ केली नाही, एवढं तिचं शहाणपण.

त्या बाईनं सांगितलेला फरक मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता. पोटुशी बाई उघड मागते, पोर लपून खाते. आमच्याकडे माती खाण्याचा हक्क डोहाळे लागलेल्या बाईचा. बिनलग्नाच्या पोरीनं माती खाल्ली की बघणाऱ्याच्या मनात पहिली शंका कोणती येणार, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मला त्यामागचं औषधपाण्याचं कारण नको तेवढं पाठ झालं होतं, आणि तिथंच घोळ झाला.

डॉक्टरांनी आम्हाला शिकवलं होतं ते असं. अंगात लोह कमी पडलं, रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते. माती खाल्ली की पोटात जंत होतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त आणखी कमी होतं. मग आणखी खावीशी वाटते. पोरीला पाळी सुरू झालेली असते, अंग वाढत असतं, आणि घरात दूध-भाजी वाढताना पहिलं ताट तिचं नसतं. रागावून, मारून, बोटांना मिरची लावून हे जात नाही. रक्त भरलं की आपोआप जातं. ज्या पोरीला भिंत बघून राहवत नव्हतं तीच तीन महिन्यांनी म्हणते, आता नुसता वास आला तरी कसंतरी होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि माझ्या नोकरीत मला ह्याच्याइतकं समाधान दुसऱ्या कशानं झालं नाही.

म्हणून शाळेत दर सोमवारी मोठ्या पोरींना लोहाची गोळी असते. ती निळी. गरोदर बाईला रोज एक गोळी असते, ती लाल. औषध सारखंच, फक्त रंग वेगळा. रंग वेगळा का, तर वाटणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून. गावातल्या प्रत्येक बाईला हे पाठ असतं. कुणाच्या फडताळात लाल गोळ्या दिसल्या की शेजारीण विचारते, "कितवा?"

मीरा दहावीत होती. मी सोमवारी गोळ्या वाटायला गेले की पाण्याचा तांब्या घेऊन रांगेच्या तोंडाशी तीच उभी असायची, आणि गोळी गालात दाबून ठेवणाऱ्या पोरींना "आऽ कर" म्हणून दटावायची. तिच्या घरी मेंढ्या. वडील लिंबाजीभाऊ पावसाळा सोडला तर वर्षभर मेंढरं घेऊन बाहेर, ह्या गावच्या नाहीतर त्या गावच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत मिळतं आणि ह्यांना धान्य. आई मुक्ताबाई रोजानं कामाला जायची. घरात आणि रानात मिळून मीराच सगळं बघायची, आणि तरी वर्गात पहिल्या तिघींत असायची.

त्या हिवाळ्यात तीन-चार सोमवार निळ्या गोळ्या आल्याच नव्हत्या. एका बुधवारी शाळेच्या बाईंनी मला बोलावणं धाडलं. मीरा प्रार्थनेत उभी होती ती सरळ खाली कोसळली होती. मी पापणी खाली ओढली, जीभ बघितली, नखं बघितली. बोटांच्या पेरात पांढरी माती बसलेली. कंपासपेटी उघडली तर आत कर्कटक नव्हतं, रुमालात बांधलेले मातीचे खडे होते. कधीपासून, विचारलं तर म्हणाली, "पाच-सहा महिने झाले आसतील. सोडायचं म्हणते, सुटंना."

प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं, बारा तरी लागतं. डॉक्टर म्हणाले, परभणीला मोठ्या दवाखान्यात न्या, रक्त भरावं लागेल, आई-बापापैकी कुणीतरी सोबत पाहिजे. तोवर रोज गोळी चालू करा. निळ्या नव्हत्या, म्हणून मी लाल गोळ्यांच्या दोन पट्ट्या मीराच्या हातात दिल्या. तिला सांगितलं, रंगाकडे बघू नको, औषध तेच आहे. तिच्या आईला सांगितलं नाही. आई रानात होती आणि माझं लसीकरण खोळंबलं होतं.

उपकेंद्राबाहेर बायांची रांग, मांडीवर रडणारी लेकरं, एका हातात सुई. दुसऱ्या हातानं मी मीराच्या वहीवरून नंबर लावला आणि फोन कान आणि खांद्यात धरला. लिंबाजीभाऊ चुडाव्याच्या बाजूला मेंढ्या घेऊन होते. त्यांनी लगेच उचलला. पुढचं बोलणं मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

"लिंबाजीभाऊ, शिष्टर बोलते. तुमच्या मीरानं माती खाल्ली."

पलीकडे काही क्षण नुसत्या मेंढ्यांचा आवाज. मग ते म्हणाले, "काय म्हणलात?"

"माती खाल्ली हो पोरीनं. आज शाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं."

"कवापासनं?"

"पाच-सहा महिने झाले असतील."

"कुणाकुणाला मालूम हाय?"

"आता शाळेत सगळ्यांनाच. बाईंनीच मला बोलावलं ना."

"तुमाला पक्कं ठाऊक हाय का, शिष्टर?"

"अहो, मी स्वतः तपासलंय तिला. लाल गोळ्या चालू केल्यात. तुम्ही ताबडतोब या, परभणीला न्यावं लागेल. उशीर केलात तर जिवावर बेतेल पोरीच्या."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला आठवतं, मी शेजारच्या आशाताईला म्हणाले, "समजूतदार माणूस आहे, आरडाओरडा नाही केला." आणि पुढच्या लेकराच्या मांडीला कापूस लावला.

माझा दोष कुठं हे आता मला चांगलं कळतं. माणूस एखाद्या कामात वर्षानुवर्षं राहिला की त्याच्यापुरता शब्दाचा एकच अर्थ शिल्लक राहतो. आम्ही महिन्याच्या बैठकीत सहज बोलायचो, ह्या महिन्यात माझ्याकडे तीन जणींनी माती खाल्ली, तुझ्याकडे किती? माझ्या तोंडी माती म्हणजे भिंतीची माती. जगाच्या तोंडी, पोरीनं माती खाल्ली म्हणजे काय, ते मी साफ विसरून गेले होते.

गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारी मी केंद्रावर विचारलं, नाही. शनिवार-रविवार मला परभणीला बैठक आणि घरचं एक लग्न. सोमवारी निळ्या गोळ्या आल्या म्हणून शाळेत गेले तर तांब्या घेऊन दुसरीच पोर उभी. सुनीता तिचं नाव, मीराची मैत्रीण. मी विचारलं, मीराला परभणीला नेलं का? सुनीता तांब्याकडे बघत म्हणाली, "न्हाई. तिचं लगीन ठरलंय. मामाच्या गावाला धाडलं तिला. येत्या शुक्रवारी हाय."

मी तशीच त्यांच्या घरी गेले. मुक्ताबाई दारात शेंगा निवडत बसली होती. मला बघून तिनं पदर पुढे ओढला आणि सूप आत घेऊन गेली. मी मागोमाग आत शिरले.

"मुक्ताबाई, पोरीला रक्त भरायचं होतं, आणि तुम्ही लग्न काय ठरवता? सोळावं तरी संपलंय का तिचं?"

"तुमीच सांगितलं न्हवं? आता काऊन आलाव?" तिनं सूप खाली ठेवलं. "मी इचारलं तिला. शिष्टर म्हणत्यात ते खरं हाय का? तर रडायलीय आन् म्हणायलीय, चुकलं माय, पुन्हा न्हाई करणार. कोण हाय तो, इचारलं, तर त्वांड उघडंना. दोन महिने झाले अडचण बी आली न्हाई तिला. आन् लाल गोळ्या! मी दोन लेकरांची माय हाय शिष्टर, लाल गोळी कुणाला देत्यात ते मला कळत न्हाई का? सोनपेठकडचा एक जण तयार झाला, बायकू मेलेला. सगळं सांगून तयार झाला. त्याचे पाय धरायचे का पोरीला हिरीत ढकलायची?"

माझ्या तोंडून निघालेलं वाक्य मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं.

"अहो मुक्ताबाई, माती! खरीच माती खाल्ली तिनं. भिंतीची. पांढरी."

"खरी माती?"

"खरी. रक्त कमी झालंय म्हणून. अडचण पण त्यानंच आली नसेल. लाल गोळ्या मी दिल्या, निळ्या संपल्या होत्या म्हणून."

मुक्ताबाई धान्याच्या कोठीमागं गेली आणि तिथली भिंत हातानं चाचपली. कोपरा पोखरलेला होता, हातभर उंचीवर. "मला वाटलं शेळी चाटायलीय," ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली. पदरानं हात पुसत म्हणाली, "त्यांला तुमीच सांगा. आता ते माझं ऐकायचे न्हाईत."

लहान वयाच्या पोरीचं लग्न थांबवायला कायदा आहे, तक्रार कुठं करायची हे मला माहीत होतं, इतरांच्या बाबतीत ती मी केलेलीही होती. ह्या वेळी केली नाही. तक्रार केली असती तर लग्न का ठरलं हे कागदावर आलं असतं, पोरीचं नाव चावडीवर गेलं असतं. हे मी स्वतःला दिलेलं कारण. दुसरं कारण असं की त्याच कागदावर माझं वाक्यही आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीहून गाडीनं चुडाव्याला उतरले आणि विचारत विचारत गेले. कापूस उपटून मोकळ्या झालेल्या एका शेतात जाळी लावून मेंढ्या बसवल्या होत्या. लिंबाजीभाऊ मधे उकिडवे बसून एका मेंढीचं खूर साफ करत होते. त्यांनी मला लांबूनच बघितलं होतं. मी जवळ गेले तरी मान वर केली नाही.

"आता कशाला आलाव, शिष्टर? तुमी सांगायचं ते सांगितलं. आमी करायचं ते करायलोत."

मी सगळं पाठ करून आले होते, पण त्यांचा तो आवाज ऐकून काहीच आठवेना. बाजूला एक कोकरू माती चाटत होतं. ते बघून मी विचारलं, "भाऊ, हे कोकरू माती का चाटतंय?"

"अंगात काहीतर कमी पडलं की चाटत्यात."

"मग तुम्ही काय करता?"

"मीठ देतो." त्यांनी पिशवीकडे हात केला.

"मारत नाही त्याला?"

"मुक्या जिवाला कशाला मारू? त्याची काय चूक हाय?"

"तुमच्या मीराचं हेच झालंय. ती घरातली भिंत चाटायलीय, पाच-सहा महिने. पांढरी माती खायलीय. दुसरं काही नाही हो. दुसरं काहीच नाही."

त्यांनी मेंढीचा पाय सोडला. मेंढी उठून गेली तरी ते तसेच बसून होते. मग त्यांनी पिशवीतून मूठभर खडेमीठ काढलं, कोकरापुढं टाकायला असेल, पण ते मुठीतच राहिलं. "मंग तवा फोनवर..." ते म्हणाले. "तुमी म्हणलात..."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर आरोपाची नव्हती. त्यांना फक्त नीट समजून घ्यायचं होतं. त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "रेंज नव्हती भाऊ. तुम्हाला नीट ऐकू गेलं नसेल."

त्यांनी ते चटकन धरलं, बुडणाऱ्यानं धरावं तसं. "आसंल," ते म्हणाले. "आसंल. रानात आवाज कटतोय. माझ्याच कानानं घात केला." मग त्यांनी मीठ खाली ठेवलं आणि डोक्याचं पागोटं काढून त्यात तोंड घातलं. एवढा उंच माणूस, त्या मेंढरांत बसून हुंदके देत होता. मी शेजारी उभी होते. पाण्याची बाटली पुढं केली. एवढंच मला सुचलं.

शेजारच्या राखणदारावर मेंढरं सोपवून आम्ही दोघं निघालो. गाडी, मग एसटी, संध्याकाळच्या आत मामाच्या गावाला पोचलो. मामाच्या दारात मांडवाचे वासे येऊन पडले होते. मीरा आत बसली होती, हिरव्या बांगड्या घातलेली. अंगात रक्त नाही, बांगड्या मनगटावरून गळत होत्या. बापाला बघून ती भिंतीकडे सरकली.

लिंबाजीभाऊ तिच्यापुढं जमिनीवर बसले आणि मामा, मामी, शेजारीपाजारी सगळ्यांसमोर म्हणाले, "मीरे, माझं चुकलं. शिष्टर मातीचं म्हणल्या आन् मी भलतंच ऐकलं. फोनला रेंज न्हवती."

मीराला कळायला वेळ लागला. आधी तिला वाटत होतं, माती खाल्ली म्हणूनच लग्न लावून द्यायलेत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मातीच तर खाल्ली व्हती ना, शिष्टर? मला वाटलं एवढी वाईट आसती ती. कोण हाय म्हणले, तर मला वाटलं माती कोण आणून देतंय ते इचारायलेत. मी सुनीताचं नाव कसं घेऊ? तिला मारलं आसतं." मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर दुसरं काहीतरी येत गेलं. आई-बापानं आपल्याबद्दल काय समजून घेतलं होतं, ते तिला त्या खोलीत, आमच्या सगळ्यांसमोर कळलं. ती बापाकडे वळली.

"नीट ऐकू आलं न्हवतं, तर परत इचारायचं की, आबा."

लिंबाजीभाऊंनी मान खाली घातली. "व्हय," म्हणाले. "परत इचारायला पायजे व्हतं."

मी तिथंच उभी होते, चार हातांवर. बोलले नाही.

लग्न मोडलं. सोनपेठकडच्या लोकांनी लिंबाजीभाऊंना नको नको ते ऐकवलं, ते त्यांनी हात जोडून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मीराला परभणीला रक्त चढवलं. मार्चमध्ये ती दहावीला बसली आणि पास झाली. उन्हाळ्यात एकदा मला म्हणाली, "आता मातीचा वास बी नको वाटतो." मी उपकेंद्रात जाऊन एकटीच हसले, आनंदानं. तुम्ही विचाराल तर ही माझ्या कामातली यशाची गोष्ट आहे, आणि निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी ती तशी सांगितलीही. शिष्टर स्वतः चुडाव्याला गेल्या, एका पोरीचं लग्न थांबवलं. लिंबाजीभाऊंनी उठून माझ्या खांद्यावर घोंगडी घातली. मी ती घेतली.

गावात मात्र त्यांचं नाव पडलं, फुटक्या कानाचा लिंबाजी. लोक हसायचे, तेही हसून घ्यायचे. पण त्या दिवसापासून त्यांनी फोन स्वतःच्या कानाला लावलेला नाही. वाजला की शेजारी असेल त्याच्या हातात देतात, "काय म्हणत्यात ते तुमीच ऐका, मला फोनवरचं कळत न्हाई." रानात एकटे असतील तर वाजू देतात. मीरानं पुढे बारावी केली, वयात आल्यावर तिच्या पसंतीनं लग्न झालं. ती आईला रोज फोन करते. बापाशी नीट वागते, सणाला येते, पाया पडते. भांडण कधी झालं नाही. पण लहानपणी मेंढरांमागं त्यांच्या पाठुंगळी बसून जाणारी पोर आता त्यांच्याशी पाहुण्यासारखं बोलते, हे मुक्ताबाईनं मला एकदा सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी मीरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी तिच्या हातात लाल गोळ्यांची पट्टी ठेवली. ती हसली. "ह्या आता माझ्या हक्काच्या," म्हणाली. मग पट्टीवरचा अंगठा न काढता म्हणाली, "शिष्टर, एक सांगू? सगळं इसरले मी. फक्त एक इसरता येत न्हाई. अर्धवट ऐकून माझ्या बापानं माझ्याबद्दल तसं खरं धरलं. एकदा बी परत इचारलं न्हाई."

त्या वेळीही मी तिचं वजन केलं, रक्तदाब घेतला आणि रजिस्टरात लिहिलं.

हा अंक छापून आला की मी स्वतः तिच्या सासरी जाऊन तिच्या हातात देणार आहे. परतताना लिंबाजीभाऊंकडेही जाईन, त्यांना वाचता येत नाही, म्हणून एवढा शेवट मीच वाचून दाखवीन.

मीरा, तुझ्या आबांनी विचारलं होतं. काय म्हणलात, म्हणून विचारलं. कवापासनं, विचारलं. कुणाकुणाला मालूम, विचारलं. आणि शेवटी विचारलं, तुमाला पक्कं ठाऊक हाय का. चारही वेळा उत्तर मी दिलं.

त्या दिवशी रेंज होती. मला त्यांच्यामागच्या मेंढ्यासुद्धा ऐकू येत होत्या.